हुकाचं घर

आमच्या घरात माणसांपेक्षा आवाज जास्त होते. पहाटे जात्याची घरघर, मग कापसाच्या जिनिंगचा भोंगा, मग छोट्या रेल्वेची शिट्टी, आणि दुपारी छपराच्या पत्र्यावर चिमण्यांच्या नखांची खरखर. दारव्ह्याला जिनिंगच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या. बाबा मी लहान असतानाच गेले. थोरला भाऊ जिनिंगमध्ये कामाला होता, तोही लग्नानंतर आठ महिन्यांत तापानं गेला. त्याची टोपी ज्या खिळ्याला लटकायची तो खिळा मायनं कोणाला वापरू दिला नाही. उरलो तिघं. माय, वहिनी आणि मी. माय सोप्यात बसायची, वहिनी चुलीपाशी, मी बाहेर ओट्यावर. जेवायलाही तिघं एका वेळी बसलो असं मला आठवत नाही. दुःख तिघांचं एकच होतं, पण जो तो आपापला वाटा घेऊन वेगळ्या कोपऱ्यात बसल्यासारखं ते घर होतं.

त्या घरात माझ्याशी बोलायची ती एकटी वहिनी. तिचं नाव शेवंता. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी असेल, म्हणजे त्या वेळी एकवीस-बावीसची. अंबाडीची भाजी ती ज्वारीच्या कण्या घालून करायची आणि वरून लसणाची फोडणी द्यायची, ती चर्र आवाज करत भाजीवर पडली की मी ओट्यावरून आपोआप उठायचो. माझ्या भुवया वेल्डिंगच्या गॅसच्या ज्योतीनं कायम अर्ध्या जळालेल्या असायच्या. ताट पुढं सरकवताना ती म्हणायची, "भाऊजी, आज कोनती भुवई शिल्लक आनली?" मी म्हणायचो, "डावी." "जपून ठेवजा मंग. लग्नात दाखवा लागन." आणि सोप्यातून मायचं खाकरणं आलं की ती गप्प व्हायची. हसण्यावर त्या घरात बंदी नव्हती, पण वहिनीनं हसावं हे मायला सोसत नसे. तो काळ तसा होता, असं म्हणून मी पूर्वी सुटका करून घेत असे. आता नाही करत.

मी रहीम उस्तादांच्या दुकानात वेल्डिंग करायचो. दुकान म्हणजे चार लाकडी बल्ल्यांवर टाकलेले पत्रे, एक भट्टी, ऐरण, आणि कोपऱ्यात कार्बाइडचा डबा. कार्बाइडवर पाणी पडलं की गॅस निघायचा आणि सडक्या लसणासारखा वास सुटायचा, तो कपड्यांतून जात नसे. उस्ताद मितभाषी माणूस. शिकवणं म्हणजे काय, तर लोखंडावर हातोडी मारायची आणि म्हणायचं, "सुन." चांगला जोड वाजतो, कच्चा जोड खरखरतो, एवढंच त्यांचं शास्त्र. एक गोष्ट मात्र त्यांनी मला बोलून, आणि दोनदा, सांगितली होती. गाडीच्या कमानीचं पातं असतं ना, खाली वाकणारं आणि परत उसळणारं, ते लोखंड फार मजबूत. पण जोड देताना तितकंच मानी. "कमान को टाँका दिया तो राख में सुलाना. ठंडा अपने आप होने देना. पानी दिखाया तो रूठ जाएगी." रुसणं म्हणजे तडकणं. राखेत पुरण्यासारखं नसेल तर गरम राखेचं पोतं जोडाभोवती बांधून ठेवायचं, हेही त्यांनीच दाखवलं होतं.

दसऱ्याच्या आठवड्यात उस्ताद आर्णीला मुलीकडं गेले, तिला मुलगा झाला होता. जाताना म्हणाले, छोटं काम घे, मोठं आलं तर थांबव. दुसऱ्याच दिवशी भावसिंग राठोड आला. बोरी अरबच्या वाटेवर त्यांचा तांडा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरायचे. भावसिंगाकडं थोडी शेती होती, पण रक्तात ओझं वाहणं होतं म्हणा, त्यानं लष्कराच्या जुन्या गाड्यांतून एक ट्रक घेतला होता. टप काढून टाकलेला, कठडे नसलेला, मागं नुसता फळ्यांचा सपाट तळ. त्याच्यामागं जोडायला दोन चाकांचा ट्रेलरही त्यानं कुठून तरी उभा केला होता. त्याला पाहिजे होतं ते असं : ट्रकच्या चेसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, मागं एक चौकोनी पेटी जोडायची, तिच्यात हुकाचा दांडा सरकवायचा आणि आरपार खीळ ठोकायची. ट्रेलर नसेल तेव्हा खीळ काढून हूक बाहेर. "नाही तं बैलं-वासरं त्याच्यावर टांग ठेचून घेतात," तो म्हणाला. त्या पेटीला तो हुकाचं घर म्हणायचा. "घर पक्कं पाह्यजे मिस्तरी. हूक काय, दुसरा घेता येते."

मला तोपर्यंत कोणी मिस्तरी म्हटलं नव्हतं. जाड पट्टी आमच्याकडं नव्हती, ती अकोल्याहून यायची. तसं सांगायला तोंड उघडलं, तर भावसिंगानं ट्रकमधून कमानीची चार जुनी पाती काढून माझ्यापुढं टाकली. "यापरस पक्कं लोखंड कोनतं हाये? सारी गाडी यानंच पेलली हाये इतके दिवस." तिथंच मी नाही म्हणायला पाहिजे होतं. निदान उस्ताद येईपर्यंत. पण त्याला दसऱ्याच्या दिवशी दुपारच्या आत गाडी तांड्यात न्यायची होती, सारा तांडा वाट पाहणार होता, आणि दसऱ्यानंतर कापूस सुरू. मी म्हणालो, "होऊन जाईन."

दोन दिवस मी ते काम केलं, आणि खरं सांगायचं तर आयुष्यात इतकं मन लावून काही केलं नाही. पाती भट्टीत लाल करून सरळ केली, काप घेतले, पेटी उभी केली. चारही कडांना टाका दिला आणि पेटी राखेत पुरली. सकाळी काढून हातोडी मारली तर देवळातल्या घंटेसारखी वाजली. आसपास ऐकायला कोणी नव्हतं. मीच पुन्हा एकदा मारली.

राहिला होता तो पेटी चेसीला जोडायचा शेवटचा टाका. दसऱ्याच्या दिवशी अवजारं पूजेला मांडतात, भट्टी पेटत नाही. पण मी सकाळीच गॅसचा नळा पेटवला, पूजेच्या आधी होऊन जाईल म्हणून. ट्रकखाली उताणा पडून, चेहऱ्यावर ठिणग्या घेत तो टाका पुरा केला. बाहेर आलो तेव्हा भावसिंग, त्याचा धाकटा भाऊ रामा आणि तांड्यातले पाच-सहा जण येऊन उभे होते. ट्रकला झेंडूचे हार, बॉनेटवर शेंदूर. रामा माझ्याच वयाचा, नवं लाल मुंडासं बांधलेला, ट्रेलरच्या चाकावर चढून उभा होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत होता. टाक्याची लाली गेली होती, पण लोखंड अजून निळसर होतं. राखेचं पोतं मी तयार करून ठेवलं होतं. भट्टीजवळ. दहा पावलांवर.

तेवढ्यात वहिनी माझी भाकर घेऊन आली. दसरा असला तरी पुरणाचं जेवण दुपारनंतर, आणि मी पहाटे उपाशी निघालो होतो. तिला पाहून भावसिंगानं विचारलं, "मिस्तरीच्या घरची का?" मी हो म्हटलं. तो हात जोडून तिच्यापुढं गेला. त्याच्या घराण्यात एक रीत होती. बैलांसाठी नवं काही घडवून घेतलं, की घडवणाऱ्याच्या घरच्या बाईनं त्यावर पाणी घालायचं आणि मग ते वाटेला लागायचं. "याडी," तो म्हणाला, त्यांच्या बोलीत आईला तसं म्हणतात, "नारळ फोडतो, पानी तू घाल."

वहिनी दोन पावलं मागं सरली. "मी नाई बाप्पा. माह्या कपाळाकडं पाहा."

"कपाळ कायले पाहू? मी हात पाह्यतो. भाकर आनते तो हात वाईट कसा असन?"

इतक्या वर्षांत तिच्याशी असं कोणी बोललं नव्हतं. आमच्या गल्लीत मंगळागौरीला, डोहाळजेवणाला तिला बोलावणं नसायचं. हळदी-कुंकवाच्या दिवशी ती आपणच मागच्या दारानं विहिरीवर जायची. तिनं माझ्याकडं पाहिलं. भावसिंगानं नारळ फोडला, अर्ध्या वाटीतलं पाणी लोट्यातल्या पाण्यात मिसळलं आणि लोटा तिच्या हातात दिला. ती ट्रकच्या मागं वाकली. पेटीच्या जवळ हात नेला आणि थबकली.

"भाऊजी, लय धग हाये जी. गरम असन अजून. थांबू का?"

तिनं हे विचारलं. पुढं जे काही सांगितलं गेलं, गल्लीत, बाजारात, आमच्या घरात, त्यात हे कुठंच नव्हतं, म्हणून मी ते इथं वेगळं लिहितो आहे. तिनं विचारलं, आणि मला उत्तर माहीत होतं. पण थांबा म्हटलं तर का थांबा ते सांगावं लागलं असतं. उस्तादांनी बजावलेलं लोखंड मी त्यांच्या मागं हाती घेतलं, हे त्या सात-आठ माणसांपुढं आलं असतं. तांड्यातला एक म्हातारा हसून म्हणाला, "मिस्तरी ल्हाना हाये, बाईले इचारून काम करते वाट्टे." सगळे हसले. मी म्हणालो, "घाल वहिनी. कायले वेळ करून राह्यली?"

तिनं पाणी घातलं. वाफ उठली, फुसकारा झाला, झेंडूची पाकळी लोखंडाला चिकटून करपली. आणि त्या फुसकाऱ्यात एक बारीक आवाज झाला. टिच्. वाळल्या तुराटीची काडी मोडावी इतकाच. वहिनीनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी नजर काढून घेतली आणि ओरडलो, "झालं ना? सर मंग बाजूला." रामानं शिट्टी मारली, हूक पेटीत सरकला, खीळ बसली, ट्रेलर जोडला गेला. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. भावसिंगानं मला आपट्याचं पान दिलं आणि वहिनीच्या पायांना हात लावला. ट्रक गेला. दुकानात मी आणि भाकरीचं फडकं, दोघंच उरलो. वहिनी केव्हा गेली ते कळलं नाही. मी राखेचं पोतं भट्टीत परत उलटं केलं.

त्या टिच् आवाजाचं काय करायचं हे मी पुढचे कितीतरी दिवस ठरवत होतो. तांडा काही सातासमुद्रापार नव्हता. सायकलनं गेलो असतो तर तासाभरात पोचलो असतो. रोज सकाळी वाटायचं, आज जावं. मग वाटायचं, नारळाची करवंटी तडकली असेल. करवंटीचा आवाज मला ओळखू येत नव्हता असं नाही. उस्ताद आले, त्यांनी विचारलं, काही मोठं काम? मी म्हणालो, नाही.

कापसाची वाहतूक ऐन रंगात आली तेव्हाची गोष्ट. भरला ट्रक, मागं भरला ट्रेलर, ट्रेलरवर कापसाच्या ढिगावर रामा बसलेला. दारव्ह्याच्या अलीकडं नाल्यातून चढ चढताना हुकाचं घर चेसीपासून सुटलं. ट्रेलर मागं गेला आणि नाल्यात उलटला. रामा वाचला. उजवा पाय मांडीखाली चेंदला होता, तो यवतमाळला नेऊन कापावा लागला.

चौथ्या दिवशी भावसिंग तुटलेली पेटी फडक्यात बांधून दुकानात आला. उस्ताद नमाजाला गेले होते. त्यानं ती ऐरणीवर ठेवली. मी पाहिलं. तुटलेल्या कडेचा अर्धा भाग नवा, चांदीसारखा चमकणारा. आणि अर्धा काळा, गंज धरलेला. म्हणजे तो अर्धा भाग रामाच्या पायाच्या दिवशी तुटला नव्हता. तो दसऱ्यालाच तुटलेला होता. ज्याला लोखंड वाचता येतं त्याला ते पोस्टकार्डासारखं स्वच्छ वाचता आलं असतं. भावसिंगाला येत नव्हतं. तो म्हणाला, "नशीब मिस्तरी. तुह्या कामाले मी नाव नाई ठेवत. पुन्ना जोडून दे." बरोबरचा एक जण पुटपुटला, "रांडमुंड बाईच्या हातचं पानी घेतलं, दुसरं काय होईन." भावसिंगानं त्याला दटावलं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि माझ्या कानावर पडला तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटलं.

मी कानस घेतली आणि तो काळा भाग घासायला लागलो. नवा जोड घ्यायचा तर कड साफ करावीच लागते, त्यात गैर काही नव्हतं. घासता घासता काळं गेलं, गंज गेला, सारी कड एकसारखी पांढरी झाली. या वेळी मी जोड दिला आणि राखेचं पोतं बांधून गाडी रात्रभर उभी ठेवली. उस्तादांनी दुसऱ्या दिवशी हातोडी मारून ऐकलं. "ये तो अच्छा है," ते म्हणाले. "पहला कैसे टूटा?" मी म्हणालो, "किस्मत." त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं आणि विडी पेटवली. तो दुसरा जोड कधी तुटला नाही. ट्रक भंगारात गेला तेव्हाही तेवढा शाबूत होता म्हणतात.

बाजाराच्या दिवशी पाण्याचं ते बोलणं मायच्या कानावर आलं. मी संध्याकाळी घरी आलो तर वहिनीची पत्र्याची पेटी सोप्यात ओढून ठेवलेली. माय म्हणत होती, "माह्या एका पोराले खाल्लं. आता दुसऱ्याच्या हातच्या कामाले हात लावते! तुले समजत नाई का व, कुठं हात लावा अन् कुठं नाई?" वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि मग मान न वळवता म्हणाली, "भाऊजींले इचारा."

माय माझ्याकडं वळली. "काय रे गजा?"

चुलीत तुराट्या तडकत होत्या. मी पायातली चप्पल काढत होतो, एक निघाली होती, एक पायात होती. मी म्हणालो, "मले काय माहीत."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला मोटारस्टँडवर पोचवायला गेलो. तिचं माहेर बोरी अरबला, भावाकडं. पेटी माझ्या डोक्यावर, ती चार पावलं मागं. निंबाखाली आम्ही बराच वेळ उभे राहिलो. तिनं फडक्यातून दोन भाकरी आणि तिळाची चटणी काढून माझ्या हातात दिली. "आज मायचा उपास हाये, थ्या चूल पेटवनार नाईत," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "भाऊजी, मले काही सांगाचं हाये का?"

मी रस्त्याकडं बघत म्हणालो, "गाडी आली."

गाडी यायला त्यानंतर अर्धा तास लागला.

पुढं घरातले आवाज कमी होत गेले. जातं बंद झालं, माय गिरणीतून दळून आणू लागली. फोडणीचा चर्र आवाज गेला. माय सोप्यात, मी ओट्यावर, आणि चुलीपाशी कोणी नाही. माझ्या भुवया जळतच होत्या, पण कोणती शिल्लक राहिली हे विचारणारं कोणी नव्हतं, त्यामुळं मी आरशात बघणं सोडलं. बाजाराच्या दिवशी रामा कुबडी टेकत दुकानावरून जायचा. मातीच्या रस्त्यावर कुबडीचा आवाज असून असून किती असणार, पण मला तो हातोड्यांच्या गलबल्यातही यायचा आणि मी मागं कोळशाच्या खोलीत जायचो. भावसिंग शेवटपर्यंत मला मिस्तरी म्हणायचा. तो गेला तेव्हा मी खांदा दिला. त्याला मी सांगितलं नाही. रामालाही नाही.

माय गेल्यावर, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली, मी बोरी अरबला गेलो. वहिनी भावाच्या घरामागं एका खोलीत राहत होती, शाळेत पाणी भरायची. केस पांढरे झाले होते. मला पाहून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "बसा भाऊजी. भुवया आल्या म्हना तुमच्या." मी जेवायला बसलो. अंबाडीची भाजी होती, कण्या घातलेली. मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी, दसऱ्याच्या..."

"टिचलं होतं थे," ती म्हणाली. "मी आयकलं होतं."

मी विचारलं, "मंग सांगतलं काहून नाई?"

"कोनाले? माह्यं कोन आयकनार होतं?" तिनं तव्यावरची भाकर उलटली. "मी तं तुमच्या तोंडाकडं पाहून राह्यलीती. चुलीपाशी बी पाह्यलं, मोटारस्टँडवर बी पाह्यलं." मग तिनं विचारलं, "मायले सांगतलं का?"

"नाई. माय गेली."

"अन् त्या पायवाल्या पोराले?"

"नाई."

तिनं भाकर माझ्या ताटात टाकली. रागानं नव्हे, नेहमी टाकायची तशीच. "मंग मले कायले सांगता? मले तं माहीतच होतं."

निघताना मी तिला दारव्ह्याला चला म्हणालो. तिनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. ती आली नाही. दोन वर्षांनी ती गेल्याचं तिच्या भावाचं पत्र आलं.

आमच्या गल्लीत तेव्हाची चार-दोन माणसं अजून आहेत, आणि शेवंता वहिनीचं नाव निघालं की अजूनही कोणीतरी तो नारळ, ते पाणी आणि रामाचा पाय, या क्रमानं गोष्ट सांगतं. माझ्या नातवांनी ती तशीच ऐकली आहे. रामाही आता नाही, पण त्याची दोन मुलं तांड्यात आहेत. हे पान त्यांना वाचून दाखवायला मी येत्या सोमवारी जाणार आहे, गुडघे चालले तर पायी, नाही तर जीपनं. त्यांना मी एवढंच सांगणार आहे : लोखंड मी निवडलं होतं. जोड माझा होता. पाणी घाल म्हणून मी सांगितलं. आणि तिनं त्याआधी विचारलं होतं, थांबू का.